कर्णधाराच्या दंडावरची पट्टी

(हीरकमहोत्सवी वर्षातील क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



'कर्णधार' हा शब्द इतका रोजचा झाला आहे की त्याच्या पोटात काय दडले आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे कान, तसेच नौकेचे सुकाणूही. ते सुकाणू धरणारा तो कर्णधार. मराठीप्रमाणे हिंदीत आणि बंगालीतही हा शब्द आहे, त्यामुळे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांना तो शेजारच्या घरातही ऐकू येतो. सुकाणूवर बसलेला माणूस वल्ही मारत नाही, शीड ओढत नाही. पण नौका खडकावर आपटली, तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. फुटबॉलच्या कर्णधाराची अवस्था याहून अवघड आहे. त्याला सुकाणूही धरायचे असते आणि इतर दहा जणांच्या बरोबरीने वल्हीही मारायची असतात.

आपल्या घराघरांत क्रिकेट पाहिले जाते, म्हणून कर्णधार म्हटले की डोळ्यांसमोर क्रिकेटचा कर्णधार उभा राहतो. गोलंदाजी कोणी करायची, क्षेत्ररक्षक कोठे उभा करायचा, डाव केव्हा घोषित करायचा, हे सारे तो ठरवतो. प्रत्येक चेंडूनंतर त्याला विचार करण्यास उसंत मिळते. फुटबॉलमध्ये यांतले जवळजवळ काहीच नाही. संघ प्रशिक्षक निवडतो, व्यूह प्रशिक्षक आखतो, बदली खेळाडू कधी उतरवायचा हेही प्रशिक्षकच ठरवतो. कर्णधाराच्या वाट्याला उरते ती नाणेफेक. त्यानंतर पंचेचाळीस मिनिटे खेळ सलग वाहत असतो आणि शंभर मीटरांहून लांब मैदानाच्या एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला पोहोचत नाही.

फुटबॉलच्या नियमावलीत या पदाविषयी काय म्हटले आहे, हे पाहण्यासारखे आहे. खेळाडूंविषयीच्या तिसऱ्या नियमात कर्णधारासाठी मोजक्याच ओळी आहेत. त्यांचा आशय असा, की कर्णधाराला कोणताही विशेष दर्जा किंवा सवलत नाही. मात्र संघाच्या वर्तनाची काही एक जबाबदारी त्याच्यावर आहे. अधिकार शून्य आणि उत्तरदायित्व मात्र आहे! एखाद्या कार्यालयात असे पद निर्माण झाले असते, तर त्यासाठी अर्ज करणारा माणूस मिळाला नसता. तरीही जगातल्या प्रत्येक मैदानावर ती पट्टी दंडाला बांधण्यासाठी मुले आसुसलेली असतात.

तेव्हा खरा प्रश्न असा, की नियमाने जे दिलेले नाही, ते चांगला कर्णधार कोठून आणतो? त्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही. काही माणसांच्या आयुष्यात मात्र सापडते.

पहिले नाव शैलेन मन्ना यांचे. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा त्याचे कर्णधार होते नागा टेकड्यांतून आलेले तालिमेरेन आओ. कोलकात्यात वैद्यकीचे शिक्षण घेतलेले हे खेळाडू पुढे डॉक्टर म्हणून आपल्या लोकांत परतले. उद्घाटनाच्या संचलनात तिरंगाही त्यांच्याच हाती होता. ३१ जुलै रोजी फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, समोर बूट घातलेला फ्रान्सचा संघ. सामना शेवटच्या मिनिटांपर्यंत एक-एक असा बरोबरीत होता आणि अखेर भारत दोन विरुद्ध एक गोलने हरला. हरण्याचे दुःख होतेच, पण त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की त्या सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. त्यांपैकी एक मारणारा होता चोविशीही न ओलांडलेला बचावपटू, शैलेन मन्ना.

पेनल्टी चुकणे म्हणजे काय, हे खेळणाऱ्यालाच ठाऊक. बारा यार्डांवर चेंडू ठेवलेला, समोर एकटा गोलरक्षक आणि सारे मैदान स्तब्ध. इतर चुका अकरा जणांत वाटल्या जातात. ही एकट्याच्या नावावर राहते. आजकाल एखाद्या मुलाच्या हातून असे घडले, तर सामना संपण्याआधीच त्याच्या नावाने चित्रफिती फिरू लागतात. पुढच्या सामन्यात त्याला खेळवावे की नाही, याची चर्चा सुरू होते. कर्णधार करण्याचा विषय तर लांबच.

मन्ना यांच्या बाबतीत उलट घडले. तीन वर्षांनी, १९५१च्या मार्चमध्ये, नवी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा भारताचे कर्णधार शैलेन मन्ना होते. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध साहू मेवालाल यांनी एकमेव गोल केला आणि भारताने सुवर्णपदक पटकावले. लंडनमध्ये ज्याच्या पायातून संधी निसटली, त्याच माणसाच्या नेतृत्वाखाली देशाला फुटबॉलचे पहिले मोठे यश मिळाले.

येथे थांबले, तर ही गोष्ट बालभारतीच्या धड्यासारखी गोड होते. पण ती येथे थांबत नाही. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मन्ना यांच्याच नेतृत्वाखाली भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. उत्तरेकडची थंड हवा, ओलसर मैदान, आपले बरेच खेळाडू अनवाणी, आणि समोरचा संघ असा की तो पुढे अंतिम फेरीत जाऊन रौप्यपदक मिळवून परतला. निकाल लागला दहा विरुद्ध एक. आपला तो एकुलता गोल अहमद खान यांनी सामना संपता संपता केला.

सुवर्णपदकाचा कर्णधार आणि दहा गोल पचवणाऱ्या संघाचा कर्णधार एकच माणूस. यांतले कोणते मन्ना खरे? दोन्ही. आठवा, नववा गोल चढल्यावरही मध्यरेषेवर चेंडू ठेवून पुन्हा खेळ सुरू करावा लागतो. त्या क्षणी माना खाली घातलेल्या दहा जणांनी ज्याच्याकडे पाहावे, असा कोणीतरी मैदानात लागतो. तो स्वतः कधी चुकलेलाच नसेल, तर त्याच्याकडे पाहून धीर येत नाही, उलट लाज वाटते. चुकून पुन्हा उभा राहिलेला माणूस मात्र काही न बोलताही धीर देतो. शालेय संघाचा कर्णधार निवडताना 'याच्या हातून कधी चूक झाली नाही' ही शिफारस म्हणूनच फारशी उपयोगाची नाही. तो चुकल्यानंतरच्या आठवड्यात सरावाला वेळेवर आला होता का, हे विचारावे.

शाळांतून कर्णधार कसा निवडला जातो, हेही या निमित्ताने स्पष्ट बोलावे. गल्लीत ज्याचा चेंडू, तो कर्णधार. हा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे आणि त्यात निदान प्रामाणिकपणा तरी आहे. शाळेत तोच नियम वेष पालटून येतो. सर्वांत जास्त गोल करणारा, सर्वांत उंच, वरच्या वर्गातला किंवा ज्याचे पालक शिक्षकांना वरचेवर भेटतात तो, अशा निकषांवर दंडाची पट्टी जाते. गोल करणारा मुलगा कर्णधार होऊ शकतो, यात शंका नाही. पण गोल करणे हा एक गुण आहे आणि दुसऱ्याचे पडलेले तोंड पाहून त्याच्याजवळ जाणे हा दुसरा. दोन्ही एकाच मुलात असतील तर उत्तम. नसतील, तर दुसऱ्या गुणाकडे पाहावे.

दुसरी गोष्ट दूरच्या देशाची आहे आणि थोडी वादग्रस्तही. १६ जुलै १९५० रोजी ब्राझीलमधील रिओ शहरात, नव्याने बांधलेल्या माराकाना मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे हे संघ विश्वचषकासाठी समोरासमोर आले. त्या वर्षी शेवटच्या चार संघांचा एक गट होता, त्यामुळे ब्राझीलला विजेतेपदासाठी बरोबरीही पुरेशी होती. त्याआधीच्या दोन सामन्यांत या संघाने स्वीडनला सात आणि स्पेनला सहा गोल मारले होते. पावणेदोन लाखांच्या आसपास प्रेक्षक जमले होते आणि बहुतेकांनी मनातल्या मनात विजयोत्सव साजरा करून टाकला होता.

मध्यंतरानंतर लगेच ब्राझीलच्या फ्रियासाने गोल केला. मैदान हादरले. अशा वेळी मागे पडलेला संघ घाईघाईने चेंडू मध्यावर नेतो आणि गर्जनेच्या लाटेत आणखी वाहून जातो. उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला याने तसे केले नाही. बत्तीस वर्षांच्या त्या माणसाने जाळ्यातला चेंडू काढला, काखेत धरला आणि सावकाश पावले टाकत पंचांकडे गेला. गोल ऑफसाइड होता, असे त्याचे म्हणणे. पंच जॉर्ज रीडर इंग्रज, व्यवसायाने शिक्षक. त्यांना स्पॅनिश येत नव्हते आणि व्हारेलाला इंग्रजी. त्याने दुभाष्या मागितला. वाद चालू राहिला. प्रेक्षकांनी आधी जल्लोष केला, मग शिव्या दिल्या, आणि हळूहळू त्या प्रचंड समुदायात एक अस्वस्थ शांतता पसरली. गोल अर्थातच कायम राहिला. पण खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा मघाचे वादळ ओसरले होते आणि उरुग्वेच्या दहा खेळाडूंचा श्वास जागेवर आला होता. पुढे स्कियाफिनोने बरोबरी साधली, आणि अकरा मिनिटे उरली असताना घिज्जियाने दुसरा गोल केला. उरुग्वे विश्वविजेता ठरला.

पंचांशी हुज्जत घालणे शाळेच्या मैदानावर मुळीच खपवून घेतले जाणार नाही, हे येथे बसलेल्या प्रत्येकाने नीट ऐकून ठेवावे. आजच्या नियमांतही व्हारेलाला पिवळे कार्ड दिसले असते. अलीकडे, २०२४च्या युरोपीय स्पर्धेपासून, पंचांशी बोलायचे असेल तर ते केवळ कर्णधाराने, आणि आदराने, असा दंडक अधिक काटेकोरपणे लागू झाला आहे. पण व्हारेलाच्या कृतीतली एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. त्याला निर्णय फिरवायचा नव्हता. तो फिरणार नाही, हे त्यालाही कळत होते. दोन लाख लोकांचा राग त्याने काही मिनिटे एकट्याच्या अंगावर ओढून घेतला, म्हणजे बाकीच्यांना तेवढा वेळ मोकळा मिळाला. हे त्याला साधले, कारण संघाचा त्याच्यावर आधीपासून विश्वास होता. दोनच वर्षांपूर्वी उरुग्वेच्या खेळाडूंनी आपल्या हक्कांसाठी संप केला, त्यातही तो पुढे होता. मैदानावरचा तो क्षण मैदानाबाहेर कमावलेल्या पुंजीतून खर्च झाला.

त्या रात्रीविषयी सांगतात ते असे, की सहकारी विजय साजरा करत असताना व्हारेला रिओच्या रस्त्यांवरील मद्यगृहांत, रडणाऱ्या ब्राझीलवासीयांच्या सोबतीला बसून राहिला. ज्यांचा आनंद त्याने हिरावला, त्यांच्याजवळ जाऊन बसण्याची त्याला गरज वाटली. हरलेल्याशी हस्तांदोलन हा उपचार म्हणून सर्वच करतात. हे त्याच्या पलीकडचे आहे.

आपल्या देशातला असाच विरोधी वातावरणातला सामना म्हणजे १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची अंतिम लढत. स्पर्धेच्या नावावरून उठलेल्या राजकीय वादात भारतीय क्रीडाधिकाऱ्यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे स्थानिक जनमत खवळले होते, आणि सुमारे लाखभर प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कर्करोगाने आजारी होते. वर्ष पुरे होण्याआधीच ते गेले. कर्णधार चुनी गोस्वामी अवघे चोवीस वर्षांचे, आणि संघात त्यांच्याहून वयाने मोठे, आधीच्या ऑलिंपिकमध्ये कर्णधार राहिलेले पी. के. बॅनर्जी. माजी कर्णधाराला सोबत घेऊन नेतृत्व करणे किती नाजूक असते, हे कोणत्याही शिक्षकखोलीत विचारावे! भारताने दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असे हरवले. गोल केले बॅनर्जींनी, आणि डोक्याला टाके पडलेले असताना बचावफळीतून आघाडीवर आणलेल्या जर्नेल सिंग यांनी. गोस्वामी स्वतः त्या काळातले नावाजलेले आघाडीपटू. पण देशाच्या सर्वांत मोठ्या विजयाच्या गोलफलकावर त्यांचे नाव नाही. हेच गोस्वामी पुढे बंगालच्या क्रिकेट संघाचेही कर्णधार झाले आणि १९७१-७२च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून हरले. मुंबईकरांना ही दुसरी आठवण अधिक प्रिय असावी.

आजच्या मुलांना सुनील छेत्री अधिक जवळचा. जून २०१८मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईचा पाच गोलांनी पराभव केला, त्यात छेत्रीचे तीन गोल होते. आणि प्रेक्षक होते जेमतेम अडीच हजार. देशाचा सर्वांत मोठा गोलवीर त्यानंतर चित्रफितीतून लोकांसमोर आला आणि त्याने हात जोडले. टीका करा, बोल लावा, पण मैदानात येऊन करा, असा त्याच्या बोलण्याचा सूर होता. तीन दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याची सारी तिकिटे विकली गेली. भर पावसात लोकांनी गर्दी केली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. हात पसरणे काहींना कमीपणाचे वाटले असेल. पण ते त्याने स्वतःपुरते केले नव्हते. रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळणाऱ्या तरुण सहकाऱ्यांसाठी कोणीतरी मागायला हवे होते, आणि मागितले तर मिळेल एवढे वजन एकट्या त्याचेच होते.

मुलींनीही येथे कान द्यावेत. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेल्या मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी यांना लहानपणी मुलांच्या संघात खेळण्यासाठी मुलाचे नाव लावावे लागले होते. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती त्यांच्या स्वतःच्या नावाने. यंदा शाळेत मुलींचा संघ आहे. त्यातल्या कोणालाही नाव बदलण्याची गरज नाही, एवढे तरी साठ वर्षांत साधले.

आता शेवटची गोष्ट, आणि या सर्वांत हीच अधिक गंभीर. १२ जून २०२१, कोपनहेगन. डेन्मार्क आणि फिनलंड यांच्या सामन्यात, मध्यंतर जवळ आले असताना, डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता मैदानावर कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. त्याच्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांत कर्णधार सायमन केयर होता. त्याने एरिक्सनला कुशीवर वळवले, त्याचा श्वासमार्ग मोकळा राहील हे पाहिले. वैद्यकीय पथक धावत आले आणि छातीवर दाब देण्याचे काम त्यांनी हाती घेतले. मग केयरने सहकाऱ्यांना एरिक्सनभोवती कडे करून उभे केले. जगभर चालू असलेले कॅमेरे आणि हजारो डोळे यांच्यापासून आपल्या मित्राला आडोसा मिळावा, म्हणून ते खेळाडू पाठ आत करून, रडत रडत, भिंतीसारखे उभे राहिले. एरिक्सनची जोडीदार मैदानावर आली, तेव्हा तिला सावरण्यासाठीही केयर आणि गोलरक्षक श्मायकेलच पुढे झाले.

यांतले एकही काम नियमावलीत लिहिलेले नाही. कोणत्याही सरावात ते घोटून घेतले जात नाही. एरिक्सन शुद्धीवर आला, पुढे पुन्हा खेळूही लागला, हे वैद्यकीय पथकाचे श्रेय. पण त्या काही मिनिटांत गोंधळलेल्या तरुणांना हात कोठे ठेवायचे आणि तोंड कोणीकडे करायचे, हे सांगणारा एक माणूस तेथे होता.

त्याच संध्याकाळी सामना पुन्हा सुरू झाला. केयर उतरला, पण दुसऱ्या सत्रात थोड्याच वेळाने त्याला बाहेर जावे लागले. मनाने तो खेळण्याच्या स्थितीत नव्हता. डेन्मार्क एका गोलने हरला. कर्णधाराने शेवटपर्यंत उभे राहायला हवे होते, असे म्हणणारे त्या वेळीही निघाले असतील. ज्याने दुसऱ्याचा भार उचलला, त्याला स्वतःचा भार खाली ठेवण्याची मुभा असायला नको का? पंधरा वर्षांच्या कर्णधाराला तर नक्कीच हवी. मुलाच्या दंडाला पट्टी बांधल्यावर त्याने रडू नये, थकू नये, असा आग्रह धरणारे मोठे लोक मैदानाच्या कडेला पुष्कळ असतात. त्यांनी जरा मागे सरकून बसावे.

त्या स्पर्धेत डेन्मार्क उपांत्य फेरीपर्यंत गेला. वेम्बली मैदानावर इंग्लंडविरुद्ध चेंडू अडवताना तो ज्याच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला, तो खेळाडू म्हणजे सायमन केयर. त्याच्या संघाने त्या गोलाचा त्याला जाब विचारला असेल, असे वाटत नाही.

उद्या सकाळी साडेसात वाजता पहिला सामना आहे. दोन्ही कर्णधारांनी दहा मिनिटे आधी नाणेफेकीसाठी यावे. येताना आपल्या संघातले कोण न्याहारी न करता आले आहे, कोणाच्या बुटाचा तळ उसवला आहे आणि राखीव खेळाडूंत कोण गप्प बसला आहे, एवढे पाहून यावे. दंडाच्या पट्ट्या क्रीडाशिक्षकांकडे मिळतील. सामना संपल्यावर त्या धुऊन, वाळवून परत करायच्या आहेत; परवा त्या दुसऱ्या कोणाला बांधायच्या आहेत.